बर्लिनचा रुग्ण: दात्याच्या पेशी रुजल्या, ल्युकेमिया मात्र परतला

'बर्लिनचा रुग्ण' म्हणून ओळखले गेलेले टिमोथी रे ब्राउन यांचे नाव एचआयव्हीतून पूर्णपणे मुक्त झालेला पहिला माणूस म्हणून जगभर पोहोचले. त्यांच्याविषयी लिहिले गेलेले बहुतेक सारे त्या विषाणूभोवतीच फिरते. प्रत्यक्षात त्यांच्यावरचा मुख्य उपचार ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी झाला होता, त्यांचा जीव अनेकदा धोक्यात आला तो ल्युकेमियामुळे किंवा त्याच्या उपचारांमुळे, आणि २०२० साली त्यांचा मृत्यू झाला तोही ल्युकेमियानेच. विषाणू एकदा गेला तो परत आला नाही. ल्युकेमिया मात्र तीन वेळा उलटला. एकाच शरीरात, एकाच दात्याच्या रोगप्रतिकारक पेशींनी एका शत्रूचा निकाल लावला आणि दुसऱ्याला पुरते आवरता आले नाही, असे का झाले असावे, हा प्रश्न समोर ठेवून हे प्रकरण येथे मांडले आहे. मूलपेशी प्रत्यारोपणानंतर, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या दात्याच्या पेशी रुग्णाला दिल्यानंतर, त्याच्या रक्तात पेशी 'परत आल्या' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय परत आलेले असते, हे समजून घेण्यासाठी इतका बारकाईने तपासलेला दुसरा रुग्ण क्वचितच सापडेल.

आजाराची सुरुवात

ब्राउन मूळचे अमेरिकेतील सिएटलचे. तरुणपणी ते बर्लिनला गेले आणि तेथेच १९९५ साली त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले. पुढे प्रभावी औषधे आली आणि ती नियमित घेतल्यामुळे त्यांचे आयुष्य सुरळीत चालले होते. २००६ साली त्यांना विलक्षण थकवा जाणवू लागला. रोजची सायकलसुद्धा झेपेना. आधी रक्तक्षयाचा संशय आला, रक्त चढवले गेले, आणि मग अस्थिमज्जेच्या तपासणीत तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचे निदान झाले. हा एम-४ उपप्रकार होता आणि पेशींमधील गुणसूत्रांत ठळक बिघाड नव्हता. त्या वेळी त्यांचे वय ४० होते, रक्तातील सीडी-४ पेशींची, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या टी-पेशींची, संख्या प्रति घनमिलीमीटर ४१५ होती आणि विषाणू चाचणीत सापडत नव्हता. म्हणजे एचआयव्हीबाधित असूनही त्यांची प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी टिकून होती.

केमोथेरपीची पहिली फेरीच त्यांना जड गेली. यकृताला इजा झाली, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि एचआयव्हीची औषधे काही काळ थांबवावी लागली. औषधे थांबताच विषाणूने प्रचंड उसळी घेतली. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो, कारण औषधाविना त्यांचे शरीर स्वतःच्या बळावर विषाणू रोखू शकत नव्हते, हे येथे सिद्ध झाले होते. औषधे पुन्हा सुरू केल्यावर तीन महिन्यांत विषाणू आटोक्यात आला. केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीत त्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, तरीही ल्युकेमिया मागे हटला.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील रक्तविकारतज्ज्ञ डॉ. गेरो ह्युटर यांनी याच काळात प्रत्यारोपणाचा विचार त्यांच्यापुढे मांडला होता. ब्राउन यांनी आधी नकार दिला. आजार मागे हटलेला असताना आपल्यावर प्रयोग का करून घ्यायचा, असे त्यांना वाटत होते, आणि प्रत्यारोपणातील जिवाचा धोका पाहता ते वाटणे अगदी समजण्यासारखे होते. निदानानंतर सुमारे सात महिन्यांनी ल्युकेमिया उलटला. मग निवडीला फारशी जागा उरली नाही. उलटलेल्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियात केवळ केमोथेरपीवर दीर्घकाळ जगण्याची आशा फार थोडी असते.

दाता क्रमांक ६१

प्रत्यारोपणासाठी दाता निवडताना सर्वप्रथम एचएलए जुळते की नाही हे पाहतात. पेशींच्या पृष्ठभागावरील ही ओळखखूण आई-वडिलांकडून मिळते. ती जितकी नेमकी जुळेल, तितका दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करण्याचा धोका कमी होतो. ब्राउन यांचे नशीब असे की, जर्मन दाता नोंदवहीत त्यांच्याशी जुळणारे दाते मोठ्या संख्येने होते. म्हणूनच डॉ. ह्युटर यांना आणखी एक चाळणी लावता आली. एचआयव्हीचे बहुतेक प्रकार टी-पेशीत शिरताना सीसीआर-५ नावाच्या ग्राहीचा दरवाजासारखा वापर करतात, आणि त्या ग्राहीच्या जनुकातील ३२ अक्षरे गळालेल्या माणसांच्या पेशींवर हा दरवाजाच नसतो, हे १९९६ पासून माहीत होते. आई आणि वडील दोघांकडून ही गळती मिळालेली माणसे उत्तर युरोपात साधारण शंभरात एक आढळतात. एकेक दाता तपासत गेल्यावर ६१ वा दाता तसा निघाला.

भारतीय वंशाच्या लोकांत ही गळती अतिशय विरळ आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील एखाद्या रुग्णासाठी असा शोध घेणे जवळजवळ निष्फळच ठरेल. आपल्याकडे एचएलए जुळणारा एक परका दाता मिळवतानाच कुटुंबे टेकीस येतात. त्यातून आणखी निवड करण्याची चैन कोठून आणायची?

फेब्रुवारी २००७ मध्ये पहिले प्रत्यारोपण झाले. त्याआधी कंडिशनिंग म्हणून तीव्र औषधे देऊन रुग्णाची मज्जा आणि प्रतिकारशक्ती दडपली गेली, आणि दात्याच्या टी-पेशींनी फार उग्र रूप धरू नये म्हणून सशापासून बनवलेले अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन लागोपाठ तीन दिवस दिले गेले. मूलपेशी दात्याच्या हाडातून न काढता त्याच्या रक्तातून गोळा केल्या होत्या. एचआयव्हीची औषधे प्रत्यारोपणापर्यंत चालू ठेवून नंतर बंद केली गेली.

पेशी कोणत्या क्रमाने परततात

तेराव्या दिवशी दात्याच्या पेशी रुजल्याचे दिसले. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ठरावीक पातळीच्या वर गेल्या की डॉक्टर 'रुजल्या' असे म्हणतात आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. ती खरोखरच आनंदाची घटना असते. मात्र न्यूट्रोफिल हे प्रतिकारशक्तीचे केवळ पहिले पथक आहे. जिवाणू आणि बुरशी यांना ते अडवतात, विषाणू किंवा ल्युकेमिया ओळखणे हे त्यांचे काम नाही.

त्यामागून, साधारण पहिल्या एक-दोन महिन्यांत, नैसर्गिक मारक पेशी येतात. त्यांना आधी शिकवावे लागत नाही. ओळखखूण हरवलेली पेशी दिसली की त्या तिला मारू शकतात. मग बाधित पेशींना मारणाऱ्या सीडी-८ टी-पेशी वाढतात, आणि रुग्णाच्या शरीरात सायटोमेगॅलो विषाणू दडून बसलेला असेल तर त्या फार झपाट्याने वाढतात. भारतात प्रौढांपैकी बहुतेकांच्या शरीरात हा विषाणू असतो, म्हणून आपल्या रुग्णांच्या अहवालात सीडी-८ ची संख्या लवकर फुगलेली दिसली तरी तिच्यातला मोठा वाटा त्या एकाच विषाणूकडे डोळे लावून बसलेला असू शकतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना सावरायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ लागतो, आणि त्यांचे काम सीडी-४ च्या मदतीवाचून नीट होत नाही. लहानपणी घेतलेल्या लसी प्रत्यारोपणानंतर पुन्हा घ्याव्या लागतात, त्याचे कारण हेच.

सीडी-४ पेशी सर्वांत उशिरा परततात, विशेषतः प्रौढांमध्ये. याचे मूळ छातीतल्या थायमस ग्रंथीत आहे. टी-पेशी मज्जेत जन्मतात; परके कोण आणि आपले कोण हे त्या शिकतात ते थायमसमध्ये. वयाबरोबर ही ग्रंथी आक्रसत जाते आणि केमोथेरपी, किरण व दात्याच्या पेशींचा हल्ला यांनी ती आणखी जायबंदी होते. त्यामुळे चाळिशीतल्या रुग्णाच्या रक्तात सुरुवातीच्या महिन्यांत दिसणाऱ्या टी-पेशी बहुतांशी दात्याकडून तयार आलेल्या पेशींची पिल्लावळ असते. त्यांची संख्या वाढते, पण त्या ओळखू शकतील अशा शत्रूंची यादी तोकडी राहते. थायमसमधून शिकून बाहेर पडलेल्या नव्या पेशी पुरेशा जमायला एक-दोन वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो. अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन हा काळ आणखी लांबवते, कारण ते रक्तात काही आठवडे टिकते आणि दात्याच्या टी-पेशींनाही मारते.

हा उशीर जिवावर बेततो. नेदरलँड्समधील युट्रेख्त येथे मुलांवर झालेल्या अभ्यासांत, पहिल्या १०० दिवसांत सीडी-४ ची संख्या प्रति मायक्रोलिटर ५० च्या वर गेलेल्या रुग्णांमध्ये उपचारांच्या गुंतागुंतींमुळे होणारे मृत्यू लक्षणीय कमी दिसले. निरोगी माणसात हीच संख्या पाचशेच्या वर असते, हे लक्षात घेतले की ५० हा आकडा किती लहान आहे आणि तरीही किती मोलाचा आहे, हे कळते.

ब्राउन यांच्या बाबतीत पहिले वर्ष आश्चर्य वाटावे इतके सुरळीत गेले. त्वचेवर सौम्य, पहिल्या श्रेणीची जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींची रुग्णाच्या ऊतींवरील प्रतिक्रिया, उमटली. त्यापलीकडे मोठा संसर्ग झाला नाही. ६१ व्या दिवशी कायमेरिझम तपासणीत, म्हणजे दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींचे प्रमाण पाहणाऱ्या चाचणीत, रक्तातील पेशी १०० टक्के दात्याच्या असल्याचे दिसले. ते कामावर परतले, व्यायामशाळेत जाऊ लागले आणि एचआयव्हीमुळे झडलेले स्नायू पुन्हा भरू लागल्याचे पाहून त्यांना फार आनंद झाला. औषध बंद असूनही विषाणू रक्तात सापडत नव्हता.

३३२ वा दिवस

२००७ च्या नाताळात ते अमेरिकेत आपल्या कुटुंबाकडे गेले, तेथे त्यांना न्यूमोनिया झाला, आणि बर्लिनला परतल्यावर निदान झाले की ल्युकेमिया उलटला आहे. प्रत्यारोपणानंतरचा तो ३३२ वा दिवस होता. दात्याच्या पेशींचे प्रमाण काही काळ १५ टक्क्यांपर्यंत घसरले.

येथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण कायमेरिझमच्या अहवालावरील १०० टक्के हा आकडा रुग्ण आणि नातेवाईक 'आजार समूळ गेला' अशा अर्थाने वाचतात आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो. नेहमीच्या कायमेरिझम चाचणीला शंभरात एक ते पाच पेशींहून कमी मिसळ दिसत नाही. निदानाच्या वेळी ल्युकेमियाच्या एक लाख कोटींच्या घरात पेशी शरीरात असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसू लागते तेव्हाही शंभर कोटी पेशी उरल्या असण्याची शक्यता असते. तेव्हा १०० टक्के याचा अर्थ 'या चाचणीच्या नजरेत येण्याइतक्या जुन्या पेशी आज रक्तात नाहीत' एवढाच. उरलेल्या पेशींना शोधून मारण्याची जबाबदारी दात्याच्या टी-पेशींवर आणि नैसर्गिक मारक पेशींवर असते, आणि आपण पाहिले की पहिल्या वर्षात त्या स्वतःच अर्ध्या तयारीत असतात. ल्युकेमियाच्या बहुतेक पुनरावृत्ती पहिल्या दोन वर्षांत होतात, त्याला या तोकड्या तयारीचाही हातभार लागतो.

सौम्य जीव्हीएचडी ही रुग्णाच्या दृष्टीने दिलाशाची गोष्ट असते, पण तिला दुसरी बाजू आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात दिसले होते की, एकसारख्या जुळ्या भावंडाकडून मज्जा मिळालेल्यांमध्ये आणि टी-पेशी काढून टाकलेली मज्जा मिळालेल्यांमध्ये ल्युकेमिया अधिक वेळा उलटतो, तर जीव्हीएचडी झालेल्यांमध्ये कमी वेळा. रुग्णाच्या त्वचेला परके मानणारी पेशी त्याच्या ल्युकेमियालाही परके मानते. या दोहोंची फारकत करता आली तर प्रत्यारोपणाचे अर्धे दुःख संपेल.

सायटाराबिन आणि जेमट्युझुमॅब ही ल्युकेमियाची औषधे देऊन आजार खाली आणला गेला आणि ३९१ व्या दिवशी त्याच दात्याच्या पेशी दुसऱ्यांदा दिल्या गेल्या. या वेळी आधी फक्त २०० सेंटिग्रे इतका एकच हलका किरणोपचार होता. एवढ्या किरणांनी ल्युकेमिया समूळ नष्ट होत नाही. रुग्णाची उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबून नव्या पेशींना जागा करून देणे एवढाच त्यांचा उपयोग. त्यानंतर आजार बारा वर्षे परतला नाही, याचे श्रेय माझ्या मते औषधांपेक्षा दुसऱ्यांदा आलेल्या प्रतिकारपेशींना अधिक द्यायला हवे.

त्याची किंमत मात्र जबर होती. दुसऱ्या प्रत्यारोपणानंतर ब्राउन यांना भ्रम झाला, दृष्टी जवळजवळ गेली, हातापायांतील बळ ओसरले. मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णांच्या केंद्रात राहून त्यांना पुन्हा चालायला शिकावे लागले, आणि चालण्या-बोलण्यावर त्याचा परिणाम पुढेही राहिला. 'पहिला बरा झालेला माणूस' या मथळ्याखाली हे दुःख झाकले जाऊ नये.

विषाणू का गेला, ल्युकेमिया का राहिला

ह्युटर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे प्रकरण प्रसिद्ध केले, त्यात औषधे थांबवल्यानंतरच्या २० महिन्यांची नोंद होती. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात रक्ताबरोबर आतड्यातील पेशींचाही अभ्यास होता, आणि तो या प्रकरणाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. एचआयव्ही सर्वप्रथम आणि सर्वाधिक नासधूस करतो ती आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशींची. औषधे घेऊनही ती हानी क्वचितच पूर्ण भरून निघते. ब्राउन यांच्या आतड्यात दात्याच्या सीडी-४ पेशी भरभरून परतल्या होत्या. पहिल्या प्रत्यारोपणानंतर १५९ व्या दिवशी आतड्यात सीसीआर-५ असलेल्या जुन्या भक्षकपेशी अजून दिसत होत्या. नंतरच्या तपासण्यांत त्या नाहीशा झाल्या. म्हणजे रक्त दोन महिन्यांत पूर्ण बदलले असले तरी ऊतींमधील बदल कितीतरी सावकाश घडत होता. विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही हळूहळू घटत गेली, कारण त्यांना चेतवणारा विषाणूच उरला नव्हता.

केवळ दरवाजा नसल्यामुळे विषाणू गेला, असे म्हणून हा विषय संपत नाही. प्रत्यारोपणापूर्वी त्यांच्या शरीरातील सुमारे २.९ टक्के विषाणू सीएक्ससीआर-४ या दुसऱ्या दरवाजाने शिरू शकणारे होते, आणि नव्या सीडी-४ पेशींना प्रयोगशाळेत तशा विषाणूची लागण करता आली. जर्मनीतील एसेन येथील दुसऱ्या रुग्णात, तसाच दाता असूनही, याच वाटेने विषाणू परतला. उलट २०१८ साली जिनिव्हामध्ये प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या दात्यात ही गळती नव्हती, तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये औषधे थांबवल्यानंतर विषाणू परतलेला नाही. आणि बॉस्टनच्या दोन रुग्णांत, दाते सर्वसाधारण असताना, औषधे थांबवल्यावर काही महिन्यांतच तो परतला. हे सारे एकत्र ठेवले की दिसते, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या जुन्या लसिकापेशी, त्यांतील लपलेल्या विषाणूंसकट, एकेक करून मारणे हे मोठे काम आहे. सीसीआर-५ ची गळती उरल्यासुरल्या विषाणूपुढे कुंपण घालते.

विषाणू दडवून बसलेली जुनी टी-पेशी आपली एचएलए ओळखखूण बदलत नाही. दात्याची पेशी तिला कधी ना कधी गाठते. ल्युकेमियाची पेशी मात्र विभागत राहते आणि प्रत्येक विभाजनात बदलण्याची संधी मिळवते. इटलीतील मिलान येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की, अर्धे एचएलए जुळणाऱ्या दात्याच्या प्रत्यारोपणानंतर उलटलेल्या काही ल्युकेमियांनी दात्याच्या टी-पेशींना दिसणारा एचएलएचा भागच टाकून दिला होता. पुढच्या दशकात असेही आढळले की, पूर्ण जुळणाऱ्या दात्यांनंतर उलटलेल्या ल्युकेमियाच्या पेशी बऱ्याचदा दुसऱ्या वर्गाचे एचएलए रेणू झाकून घेतात. जनुक शाबूत असते, पण खूण बाहेर दाखवली जात नाही. ही निरीक्षणे इतर रुग्णांवरची आहेत, ब्राउन यांच्या पेशींवरची नाहीत. तरी राखण करणारा जागेवर असूनही चोर कसा निसटतो, याचे ती सर्वांत पटणारे उत्तर देतात.

ब्राउन यांच्याशी तुलना करण्याजोगा रुग्ण म्हणजे ड्युसेलडॉर्फचा. त्यांनाही एचआयव्ही आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, त्यांनाही सीसीआर-५ गळालेल्या दात्याच्या मूलपेशी, फेब्रुवारी २०१३ मध्ये. चारच महिन्यांत, जूनमध्ये, ल्युकेमिया उलटला. तेथे दुसरे प्रत्यारोपण न करता अ‍ॅझासायटिडिन या औषधाच्या आठ फेऱ्या आणि दात्याच्या लिम्फोसाइट पेशींचे (लसिकापेशींचे) चार डोस दिले गेले, आणि आजार मागे हटला. अ‍ॅझासायटिडिनमुळे ल्युकेमियाच्या पेशी अधिक ओळखू येण्याजोग्या होतात असे मानले जाते, आणि लिम्फोसाइट म्हणजे राखणदारांची ताजी कुमक. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांची एचआयव्हीची औषधे थांबवली गेली आणि विषाणू परतला नाही.

ब्राउन यांनी २०१० च्या अखेरीस आपले नाव उघड केले, अमेरिकेत परतले आणि संशोधकांना वर्षानुवर्षे आपले रक्त, आतड्याचे तुकडे, मज्जा तपासू दिली. २०२० च्या सुमारास ल्युकेमिया तिसऱ्यांदा उलटला. बारा वर्षांनंतरची पुनरावृत्ती अत्यंत विरळ असते, आणि या वेळी उपचारांना यश आले नाही. २९ सप्टेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेव्हाही त्यांच्या शरीरात एचआयव्ही नव्हता.